लंचनची तीन वाक्यं

माझी पहिली नोकरी वाक्यं लिहिण्याची होती. असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी वर्तमानपत्रात असेन. तसं नव्हतं. सदाशिव पेठेतल्या एका फ्लॅटमध्ये एक छोटी कंपनी इंग्रजी–मराठी शब्दकोशाची सीडी तयार करत होती. एकेक इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याचा मराठी अर्थ द्यायचा, तो वापरून इंग्रजीत तीन वाक्यं करायची आणि त्यांचं मराठी करायचं, हे माझं काम.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. दोन हजार साल उजाडलं की जगभरचे कॉम्प्युटर गोंधळणार आणि ते निस्तरायला पुण्यातून माणसं लागणार, असं सगळे बोलत. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि मला मराठी टायपिंग येत होतं. या दोन गोष्टी एकत्र लागतील अशी नोकरी असू शकते, हेच मला ठाऊक नव्हतं. म्हणून ती मिळाली तेव्हा मी आठवडाभर कुणालाच सांगितलं नाही. उगाच काही चूक निघाली तर?

आम्ही खडकीला लष्कराच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा तिथे सुतारखात्यात होते. मूळचे भंडाऱ्याकडचे, लग्न झाल्यावर वर्षभरात आईला घेऊन पुण्याला आलेले. इथे पंचवीस वर्षं काढूनही दोघं घरात आपलीच बोली बोलत. मी कॉलेजात चोख ‘मला, तुला’ करायची आणि उंबरा ओलांडला की ‘मले, तुले’. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. दोन भाषा येतात, असंच मी समजत होते.

ऑफिसात आम्ही पाच जणी होतो आणि अक्षरं वाटून दिलेली होती. माझ्याकडे एल आलं. कंपनीचा मालक तिशीतला इंजिनिअर होता, अमेरिकेतली नोकरी सोडून आलेला. त्याला घाई फार. आमची वाक्यं तपासायला त्याने इंग्रजीचे एक निवृत्त प्राध्यापक नेमले होते. ते दोन गल्ल्या पलीकडे राहत. बरोबर अकराला येत, चपला दारात भिंतीला समांतर लावत आणि हिरव्या शाईचं पेन काढून खिडकीशी बसत. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. त्यांनी कुणाची स्तुती केल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. एखाद्या वाक्यावर काहीच शेरा नसला की ते आवडलं असं समजायचं.

मी ‘लंच’ संपवलं आणि पुढचा शब्द आला लंचन. स्पेलिंग बघून मी त्याचा उच्चार ‘लंचिऑन’ केला. सर खिडकीतूनच म्हणाले, “लंचन. लं-चन, दोनच अवयव आहेत. तीनचा भार देऊ नका.”

मोठ्या कोशात बघितलं. समारंभाने दिलेलं दुपारचं जेवण, असा अर्थ होता. मी तीन वाक्यं केली. आम्ही दुपारी लंचन केलं. पंतप्रधानांनी पाहुण्यांना लंचन दिलं. लंचन रुचकर होतं. अर्थ लिहिला, ‘औपचारिक मध्यान्हभोजन’.

दुसऱ्या दिवशी कागद परत आला तो हिरवा होऊन. पहिल्या वाक्यापुढे लिहिलं होतं, ‘एवढ्यासाठी लंच पुरे आहे.’ दुसऱ्यापुढे, ‘वर्तमानपत्र मीही वाचतो.’ तिसऱ्यापुढे तीन प्रश्न होते. ‘कोण जेवलं? कुणी बोलावलं? कशासाठी?’ आणि अर्थाखाली, ‘हे मराठी आहे की परिपत्रक?’

मी कागद घेऊन त्यांच्यापाशी गेले. त्यांनी विचारलं, “आपण कधी गेला आहात का लंचनला?”

मी नाही म्हणाले.

“मी एकदा गेलो होतो. भाषणं इतकी झाली, की आमटीवर साय धरली. पण मी गेलो होतो, म्हणून मला माहीत आहे. ज्याला ठाऊक असेल अशा कुणाला तरी विचारा. कोशातून कोश काढू नका.”

आता असा माणूस मी कुठून आणणार, या विचारात मी घरी आले. संध्याकाळचा चहा होत होता. बाबा नुकतेच कामावरून येऊन पाय धुऊन बसले होते. मी आईला गाऱ्हाणं सांगत होते, तर बाबा मधेच म्हणाले, “लंचन ना? मी पाह्यलं हाये.”

बाबा दहावी नापास. पण त्यांनी तो शब्द सरांसारखाच, अगदी दोन अवयवांचा म्हटला. फौजेतल्या साहेबांच्या तोंडून ऐकलेला असणार.

त्यांनी सांगितलं ते असं. मी तिसरी-चौथीत असताना साहेब लोकांच्या क्लबात कुणी मोठे पाहुणे यायचे होते. तिथलं जेवणाचं टेबल लहान पडत होतं, म्हणून नवं करायचं ठरलं आणि ते काम बाबांच्या हाती आलं. एरवी खोकी ठोकणाऱ्या माणसाला बावीस जण बसतील असं सागवानी टेबल करायला मिळालं. महिनाभर त्यांनी त्यावर काम केलं. सांधे असे बसवले की वरून हात फिरवला तर कुठे जोड आहे ते कळू नये. लंचनच्या दिवशी सकाळी क्लबातून निरोप आला, की टेबल एका कोपऱ्यात डुलतंय. बाबा धावत गेले. टेबल डुलत नव्हतं, तिथली फरशीच खचली होती. त्यांनी खाली शिरून पायाखाली पातळ चकती बसवली आणि बाहेर आले तर वर पांढरं कापड अंथरलेलं, आणि प्रत्येक खुर्चीसमोर एक छोटं कार्ड उभं. त्यावर नाव. त्यांनी तिथल्या वाढप्याला विचारलं, तर तो म्हणाला, ज्याचं नाव त्याची खुर्ची, नाव नाही त्याला बसता येत नाही.

“मंग?” आईने विचारलं. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

“मंग काय? मी आलो आपल्या खात्यात. डबा खाल्ला.”

मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात पोचताच मी वाक्यं टाइप केली. पहिलं, माझ्या वडिलांनी लंचनसाठी टेबल बनवलं. दुसरं, लंचनच्या टेबलावर प्रत्येक पाहुण्याच्या नावाचं कार्ड होतं. तिसरं, ज्याने टेबल बनवलं त्याला लंचनचं बोलावणं नव्हतं.

सरांनी कागद वाचला. परत वाचला. मग पेनाला टोपण लावलं आणि काहीही न लिहिता माझ्याकडे दिला. माझ्या आयुष्यातला तो पहिला कोरा कागद. मी जागेवर येऊन पुढचा शब्द काढला.

मालकाला मात्र तिसरं वाक्य पटेना. पालक मुलांसाठी सीडी घेणार, त्यात असं कडवट कशाला, असं त्याचं म्हणणं. सर म्हणाले, व्याकरण शुद्ध आहे आणि बाकी माझं काम नाही. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, वाक्य खरं आहे, ते राहू द्या. एवढं मी त्या ऑफिसात कधी ठामपणे बोलले नव्हते. मालकाने खांदे उडवले आणि बरं म्हणाला.

हे सगळं मी घरी येऊन बाबांना सांगितलं. वाटलं, खूश होतील. त्यांनी तिन्ही वाक्यांचं मराठी माझ्याकडून वाचून घेतलं. पहिल्याला मान हलवली. तिसऱ्याला त्यांचा चेहराच बदलला.

“हे काहून लिवलं?”

मी म्हणाले, खरंच तर आहे.

“खरं हाये. पण ते माह्यं नाही. मी तिथं जेवाले गेलो नव्हतो. टेबल कराले गेलो होतो. ते टेबल आजबी तिथं हाये, पाय हलत नाही त्याचा. तू माह्याबद्दल लिवलं, अन् माणूस वाचून म्हणन, बिचारा. मले बिचारा करू नोको.”

दोन दिवस जे वाक्य मी छातीशी धरून होते, ज्याच्यासाठी मालकाशी बोलले, ते ज्याच्याविषयी होतं त्यालाच नको होतं. वाईट वाटलं, रागही आला. मग रागावण्यासारखं काही नाही हेही कळलं. माझ्या आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. त्यांच्याआधीच्या पिढीत गावच्या लग्नाची पंगत उठल्यावर आमच्या घराला हाक यायची, भांडी घेऊन या म्हणून. हे मी आत्याकडून ऐकलं होतं, बाबांकडून कधीच नाही. ते असलं काही सांगत नसत. त्यांनी मला सांगितलं ते फक्त टेबलाबद्दल.

जेवताना बाबा पुन्हा बोलले. “तुह्या सरले बोलाव. येत्या रविवारी. दुपारी. अन् त्या मालकालेबी. लंचन काय असते ते दाखवू.”

आई घाबरली. खोली ती केवढी, आणि ते लोक पेठेतले. हळूच म्हणाली, “खातीन का ते आपल्या घरी?”

“बोलवणं आपलं काम. खानं त्याईचं,” बाबा म्हणाले आणि विषय संपला.

मी कार्डशीटचे तुकडे कापून निमंत्रणं लिहिली. रविवार, दुपारी साडेबारा, आपण सपत्नीक यावे. सरांना दिलं तेव्हा त्यांनी ते दोन्ही बाजूंनी बघितलं आणि विचारलं, “भाषणं आहेत का?”

मी नाही म्हणाले.

“मग येतो.”

त्या आठवड्यात बाबा रोज संध्याकाळी अंगणात काहीतरी घासत बसत. विचारलं तर सांगत नव्हते. शनिवारी त्यांनी सात लाकडी ठोकळे माझ्यापुढे मांडले. आगपेटीएवढे, शिसवीचे, वरून खाच मारलेले, इतके गुळगुळीत की हातातून निसटावेत. खाचेत कार्ड उभं करून दाखवलं. टेबल नव्हतं आमच्याकडे. त्याला इलाज नाही, बसू मांडी घालून, पण नावं पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. मी सात नावं लिहिली. सर, सरांच्या पत्नी, मालक, त्याची बायको, बाबा, मी. सातवं आईचं. आई म्हणाली, मले कायले, मी तं वाढणार. बाबांनी ते कार्ड स्वतः उचलून खाचेत बसवलं.

रविवारी आई पहाटेपासून ओट्याशी होती. पाटवड्या, त्यांचा झणझणीत रस्सा, भरली वांगी, डाळ-भाजी, ज्वारीच्या भाकरी, भात आणि पुरणपोळ्या. आमच्याकडच्या पुरणपोळ्या पुरणाने फुगलेल्या असतात, हातात धरल्या तर वाकतात. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला मोगऱ्याचा हार. साडेबाराला पाच मिनिटं कमी असताना सरांची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी दिसली. ते तिथेच थांबले. घड्याळ बघत उभे राहिले आणि बरोबर साडेबाराला दारात आले. मालक बायकोसह पंधरा मिनिटं उशिरा आला. सर त्याला म्हणाले, अमेरिकेतली वेळ लावलीत वाटतं.

सतरंजीवर सात ताटं होती आणि प्रत्येक ताटापुढे ठोकळ्यात उभं कार्ड. सरांनी आपलं नाव वाचलं, ठोकळा उचलला, उलटा केला, खाच अंगठ्याने चाचपली आणि परत ठेवला. बाबा त्यांच्याकडेच बघत होते.

सगळे बसले. आई मात्र वाढायला उभीच होती. बाबांनी पातेली ताटांच्या मधोमध आणून ठेवली आणि म्हणाले, ज्याला जे पाहिजे ते ज्याने त्याने घ्यावं. मग आईकडे वळले. “तुह्यं नाव लिवलं हाये. बस.”

आई बसेना. पाहुण्यांसोबत ती कधी जेवलीच नव्हती. शेवटी सरांच्या पत्नी सरकून तिला म्हणाल्या, “अहो, बसा ना. तुमची जागा रिकामी असली तर मला घास जायचा नाही.” आई बसली, पदर सावरून, अगदी कडेला. पहिले चार घास तिने घेतलेच नाहीत, पाहुण्यांकडे बघत राहिली. सरांच्या पत्नींनी रश्श्यात पाटवडी बुडवली, खाल्ली, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पाणी पिऊन त्यांनी दुसरी घेतली. मग आईने भाकरी मोडली.

सर जेवताना बोलत नसत. त्यांनी पुरणपोळी दोनदा मागून घेतली, म्हणजे आईला जे कळायचं ते कळलं. हात धुऊन आल्यावर ते बाबांसमोर बसले आणि म्हणाले, “एक अडचण आहे. या शब्दाला मराठीत काय म्हणावं, ते मला सुचत नाही. तुमच्या मुलीने परिपत्रक लिहिलं होतं. तुम्ही काय म्हणाल?”

इंग्रजीच्या प्राध्यापकाने बाबांना इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला होता. आईने भांडी आवरायची थांबवली. बाबांनी घाई केली नाही. लाकूड कुठून कापायचं ते ठरवताना ते असेच थांबायचे.

“नाव घेऊन बोलावलेलं दुपारचं जेवण,” ते म्हणाले. तेही शुद्ध पुणेरीत.

सरांनी खिशातून हिरवं पेन काढलं आणि आपल्या नावाच्या कार्डामागे ते लिहून घेतलं. “यात एकही शब्द काढता येत नाही,” ते म्हणाले. आम्ही पाच जणींनी त्या माणसाकडून याहून मोठी स्तुती नंतरच्या दोन वर्षांतही ऐकली नाही.

सोमवारी मी तिसरं वाक्य काढलं. त्याजागी लिहिलं, माझ्या वडिलांनी रविवारी लंचन दिलं आणि सहा जणांना बोलावलं. सरांनी ते वाचून कागद कोराच परत दिला. आईलाही आकड्यात धरलंय, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. अर्थ मात्र थोडा बदलून गेला, कारण मालकाला लिखित भाषा हवी होती. ‘निमंत्रितांसाठीचे दुपारचे जेवण’. बाबांना सांगितलं तर म्हणाले, चालते, पण माह्यं बरं होतं.

त्या नोकरीवरून मी पुढे कुठे कुठे गेले. लोक शब्द इंटरनेटवर शोधायला लागले तशी सीडी मागे पडली, मालकाने कंपनी आवरली, आणि मी हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीत लागले. आता तिथे फोनच्या आणि बँकांच्या पडद्यांवर जे मराठी दिसतं ते करणाऱ्यांचा गट माझ्याकडे आहे. नव्या मुलींना मी सांगते, कोशातून कोश काढू नका. बाबा निवृत्त होऊन पुण्याबाहेर मांजरी गावात छोट्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिथे उसाच्या शेतांमधून फिरून येतात आणि सोसायटीतल्या प्रत्येक दाराचा आवाज ऐकून त्यात काय बिघडलंय ते सांगतात.

पण सीडी निघाली त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. आमच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून मी आई-बाबांना ऑफिसात घेऊन गेले. मालकाने बाबांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं. मी एल उघडून दिलं. शब्दाशेजारी कर्ण्याचं चित्र होतं, ते दाबलं की उच्चार आणि वाक्यं ऐकू यायची. त्यासाठी बाहेरून आवाज आणायचा बेत होता, पण सर म्हणाले होते, हिचे उच्चार सरळ आहेत, हिचाच घ्या. त्यामुळे माझ्याच आवाजात, इंग्रजीत, माझ्या वडिलांनी टेबल बनवलं हे बाबांनी ऐकलं. तीनदा ऐकलं. आई मागे उभी होती, तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

मग बाबा म्हणाले, आता सुताराचं लाव.

सी अक्षर दुसऱ्या मुलीकडे होतं. मी कार्पेंटर शोधून दिला. पहिलंच वाक्य होतं, सुतार नेहमीप्रमाणे उशिरा आला. बाबांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. खिडकीशी बसलेल्या सरांकडे वळून त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, की हे आपण तपासलं होतं का. सर उठून आले, पडद्याशी वाकले आणि त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा गोरेमोरे झालेलं पाहिलं. चूक झाली, ते म्हणाले.

पुढच्या आवृत्तीत ते वाक्य बदललं. नवं वाक्य बाबांनी खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं, मी त्याचं इंग्रजी केलं आणि सरांनी त्यावर शेरा मारला नाही. सुतार ठरल्या वेळी आला, पण घरमालक अजून झोपला होता.